बाईसाहेबांच्या गळ्यातला आवाज

व्हिचेंझाहून तोर्रेमाराला मी निघाले ती फक्त एका हिवाळ्यापुरती. माझे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, त्यामुळे धड बोलता येण्याआधीच मी गायला लागले होते. तोर्रेमाराच्या दरबारात मधला आवाज गाणारी बाई हवी आहे असा निरोप आला, तेव्हा घरात कुणी फार विचारही केला नाही. वडिलांनी पेटी बांधून दिली. आईने वाटेसाठी भाजलेले चेस्टनट आणि चीजचा तुकडा दिला, आणि नावेशी निरोप देताना एवढंच म्हणाली, "तादेआ, गळ्याला लोकर गुंडाळून ठेव गं. त्या पो नदीचं धुकं वाईट."

धुकं खरंच वाईट होतं. तोर्रेमाराचा वाडेवजा किल्ला मला दिसण्याआधी त्याचा वास आला. ओल्या विटांचा, नदीच्या गाळाचा, आणि त्यात मिसळलेला कुठेतरी जळणाऱ्या रोझमेरीचा. आजारी माणसाच्या खोलीत जाळतात ना, तसा. मग एकदम धुक्यातून भिंत पुढे आली आणि नाव तिला घासून थांबली.

त्या जहागिरीचे मालक, म्हणजे तिथले मार्केझे, बहुतेक वर्षभर दुसऱ्यांच्या लढाया लढायला बाहेर असायचे. राज्य चालवायच्या त्या त्यांच्या पत्नी, दोन्ना ओर्तेन्सिया. आम्ही त्यांना बाईसाहेब म्हणायचो. जहागीर एवढीशी होती, पण बाईसाहेबांचं नाव मोठं होतं. त्यांच्या दरबारातल्या गाण्याबद्दल मी व्हिचेंझातसुद्धा ऐकून होते. मोठमोठ्या दरबारांतले लोक वाट वाकडी करून तिथे येतात म्हणे, आणि बाईसाहेब स्वतः गातात म्हणे. सगळ्या खोल्यांत त्याच होत्या. एका भिंतीवर वीणा घेतलेली देवी, तिचा चेहरा त्यांचा. छताला नऊ कलादेवी, त्यांतल्या गाणारीचा चेहरा त्यांचा. दारावरच्या दगडी पदकातही त्याच, ओठ किंचित उघडे, आत्ता सूर लावतील अशा.

स्वयंपाकघरात मला पहिली भेटली ती फ्लोरिया. बोलोन्याची, अंगाने भरलेली, वरचा आवाज गाणारी. वामीच्या कालवणात पाव बुडवून खात होती.

"अगं बाई, ही काय काडी पाठवलीय!" मला वरपासून खालपर्यंत बघत ती म्हणाली. "तुमच्या व्हिचेंझाला जेवायला घालत नाहीत का? बस. खा. इथे गळा नाही, आधी पोट लागतं."

मी बसले. विचारलं, आपण एकूण किती जणी.

"तू, मी आणि बाईसाहेब. वरचा मी, मधला तू."

"आणि खालचा बाईसाहेब स्वतः?"

तिने पाव तोंडात कोंबला आणि मान हलवली. चुलीपाशी एक म्हातारी राख सारत होती. बेत्ता तिचं नाव, बाईसाहेबांना लहानपणापासून सांभाळलेली दाई. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरी, गाताना पानाकडे बघायचं. इकडेतिकडे बघायचं नाही."

"आणि चित्राकडे तर अजिबात नाही," फ्लोरिया हसत म्हणाली. पण हसू अर्ध्यावरच राहिलं, आणि तिने पाण्याचा पेला उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीला बोलावणं आलं. गाण्याची खोली नदीच्या बाजूला होती, लहानशी, भिंतींना अक्रोडाच्या फळ्या, निळ्या छतावर सोन्याचे तारे. तिथे शेकोटी पेटवायची नाही असा हुकूम होता, धुराने चित्रं काळी पडतात म्हणून. इतकी थंडी, की बोललं तर तोंडातून वाफ निघायची. समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. गर्द हिरव्या मखमलीच्या झग्यात बसलेली बाई, मांडीवर ल्यूट नावाचं तंतुवाद्य, पुढ्यात गाण्याची वही. चेहरा बाईसाहेबांचा, रुंद कपाळ, पातळ भुवया, जराशी वर उचललेली हनुवटी.

बघायचं नाही म्हटल्यावर कोण बघत नाही? मी बघितलं. आणि माझी नजर चेहऱ्यावर नाही, हातांवर अडकली. तारांवरचे हात मोठे होते, मनगटं हाडकुळी, उजव्या करंगळीचं टोक बाहेरच्या बाजूला वाकलेलं.

तेवढ्यात बाईसाहेब आल्या. चाळिशीच्या असतील. अंगावर तोच हिरवा झगा. त्यांनी हातमोजे काढले, आणि त्यांचे हात लहानखुरे, गुबगुबीत होते. सगळी बोटं सरळ.

"तूच का व्हिचेंझाची?" त्यांनी विचारलं.

त्यांचा आवाज ऐकून मी चपापले. घोगरा, फाटका, वाळक्या बोरूच्या काडीवर काडी घासावी तसा. या गळ्यातून गाणं निघणार? मनात म्हटलं, खालचा आवाज बेसूर, तो आम्ही दोघींनी झाकायचा, हेच आपलं काम दिसतंय. दरबारात असं चालतंच.

गाणं त्यांच्याच स्तुतीचं होतं. तोर्रेमाराला सूर्य उगवत नाही, ओर्तेन्सिया गाते तेव्हाच उजाडतं, अशा अर्थाचं. फ्लोरियाने सूर धरला, तिच्यामागून मी शिरले, आणि मग बाईसाहेबांनी तोंड उघडलं.

अजूनही सांगताना अंगावर काटा येतो. तो आवाज खोल, काळाभोर आणि मऊ होता, नदीच्या तळाशी पाणी वाहतं तसा. तरुण होता. माझ्या आवाजाच्या खाली तो असा येऊन टेकला, की मला आयुष्यात पहिल्यांदा आपण बरोबर गातोय असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्या पाण्यातूनच मी वर बघितलं, पानाकडे बघायचं सोडून.

फ्लोरियाच्या तोंडातून वाफ निघत होती. माझ्याही. बाईसाहेबांच्या तोंडातून काहीच नाही. छाती हलत नव्हती, गळ्याची शीर हलत नव्हती. नुसतं तोंड उघडं होतं, आणि त्यातून तो आवाज येत होता, उघड्या दारातून शेजारच्या खोलीतलं बोलणं यावं तसा.

गाणं संपलं. बाईसाहेबांनी तोंड मिटलं. मिटता मिटता त्यांच्या बोटांनी झग्याची घडी घट्ट आवळून धरली.

"बरी आहेस," त्या घोगऱ्या आवाजात मला म्हणाल्या. "राहा."

त्या दिवशी दुपारी मी बेत्ताला गाठलं. ती तागाच्या चादरींच्या घड्या घालत होती. मी दुसरं टोक धरलं आणि सरळ विचारलं, "ते हात कुणाचे आहेत?"

तिने चादरीची घडी पुरी करून ढिगावर ठेवली. मग म्हणाली, "लाविनियाचे."

लाविनिया ही नदीवर वामी पकडणाऱ्या एका कोळ्याची मुलगी. लहान असताना गळ करंगळीत घुसला, बोट वाकडं झालं ते तसंच राहिलं. एकदा बाईसाहेब नावेतून जात असताना काठावर गाताना त्यांनी तिला ऐकलं आणि उचलून घरी आणलं. नीट वाचायला शिकवलं, लांबून गुरू आणले, मखमलीचे झगे शिवले. पुढे तिच्याच आवाजावर तोर्रेमाराचं नाव झालं.

"आणि पाहुणे आले की सांगायचं कुणाचं नाव?" बेत्ता म्हणाली. "बाईसाहेबांचं. बाईसाहेबांची लाविनिया. बाईसाहेबांचा आवाज. पोरगी हसायची. मग हळूहळू हसेनाशी झाली."

"मग?"

"मग तिला दुसऱ्या दरबाराकडून बोलावणं आलं. जाते म्हणाली. बाईसाहेब नाही म्हणाल्या. त्या हिवाळ्यात तिला ताप भरला, दलदलीचा. तशात पाहुणे आले. बाईसाहेबांनी तिला उठवून गायला बसवलं. पुन्हा म्हण, म्हणाल्या. पुन्हा. पाहुण्यांना आवडलंय ना, आणखी एकदा म्हण..." बेत्ताने चादरीवरून हात फिरवला. "त्यातच ती गेली. तिच्या थडग्यावर फुलं वाहायलासुद्धा बाईसाहेब आल्याच नाहीत. त्या गाण्याच्या खोलीत बसून होत्या. ते चित्र लाविनियाचंच होतं गं. गानदेवी म्हणून तिला बसवून काढून घेतलेलं. चित्रकाराला बोलावून त्यांनी त्यावर स्वतःचा चेहरा रंगवून घेतला."

"का?"

"म्हणाल्या, आवाज माझा होता, मग चित्र का तिचं?" बेत्ता उठली. "रंग वाळला त्या दिवशी बाईसाहेब चर्चमध्ये प्रार्थना म्हणायला लागल्या आणि..." तिने क्रूसाची खूण केली.

तरी मी राहिले. का राहिले, तर त्या आवाजासाठी. खोटं कशाला बोलू? गाणाऱ्या माणसाला असा आधार जन्मात एकदा मिळतो. रोज सकाळी भीती वाटायची, आणि रोज सकाळी पाय आपोआप त्या खोलीकडे वळायचे. फ्लोरिया माझी थट्टा करायची. "प्रेमात पडलीस गं भुताच्या! नवरा तरी बरा असतो, दिवसा दिसतो." पण ती स्वतः दोन दोन लोकरी शाली गुंडाळूनही थरथरत असायची.

नाताळ होऊन गेल्यावर एकदा बाईसाहेबांनी मला त्यांच्या बैठकीत बोलावलं. समोर ताटात भोपळ्याचं सारण भरलेली तोर्तेली तशीच पडून होती, गार झालेली. त्या किती वाळल्या होत्या हे मला तेव्हा जवळून दिसलं.

"दार लाव," त्या म्हणाल्या. मी लावलं.

"मी काय केलं, काय नाही, सगळं त्या म्हातारीने तुला सांगितलंच असेल. खरं आहे ते. पण एक सांग, तो आवाज कुणी बनवला? कोळ्याच्या पोरीला कुणी ओळखत होतं का? चिखलात बसून माशांना ऐकवलं असतं तिने. मी आणली, मी वाढवली, मी जगाला दाखवली. मला स्वतःला देवाने गळा दिला नाही. ऐकायला मात्र कान दिले. ज्याला सगळं ऐकू येतं आणि काहीच गाता येत नाही, त्याला काय होतं हे तुला नाही कळायचं, तादेआ. मग तो आवाज माझा नाही तर कुणाचा?"

मी ताटातल्या गार तोर्तेलीकडे बघत राहिले.

"पहिल्यांदा आला ना, तेव्हा मला वाटलं देव पावला." त्यांचा घोगरा आवाज आणखी खाली गेला. "मी तोंड उघडायची आणि तो यायचा. सगळे रडायचे. मीसुद्धा रडायची. आता... आता मी जेवायला तोंड उघडलं तरी येतो. पाद्रीबुवांपुढे पापं सांगायला बसले की येतो. झोपेत माझं तोंड उघडं राहतं, आणि मला माझ्याच गाण्याने जाग येते. बेत्ता रोज माझी हनुवटी फडक्याने बांधते. मेलेल्याची बांधतात तशी."

त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा होता.

"तू चांगली शिकलेली आहेस. मला गायला नको शिकवूस. मला थांबायला शिकव."

मी काय शिकवणार? श्वास कसा रोखायचा, सूर कसा सोडायचा, जे मला येत होतं ते सांगितलं. पण ज्या गाण्यात श्वासच नाही, ते श्वास रोखून कसं थांबणार? शेवटी मला जे वाटलं ते मी बोलून टाकलं. "बाईसाहेब, तिला तिचा चेहरा परत द्या."

त्यांनी माझं मनगट सोडलं. "ते चित्र बघायला लोक येतात," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

फेब्रुवारीत चर्चमध्ये मेणबत्त्या पवित्र करून घेतात, त्या सणाला पाहुणे येणार होते. दुसऱ्या एका मोठ्या दरबाराचा दूत, सोबत चारचौघं. या दूताने परत जाऊन बाईसाहेबांचं गाणं वाखाणलं, तर त्याचे सरकार आपली मुलगी बाईसाहेबांच्या मुलाला देणार, असं सगळं ठरत आलेलं होतं. तो मुलगा वडिलांबरोबर मोहिमेवर होता. बाईसाहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती. तोर्रेमारा म्हणजे ते गाणंच होतं.

भर दुपार होती, पण धुक्यामुळे खिडक्या राखाडी दिसत होत्या. चर्चमधून पवित्र करून आणलेल्या मेणबत्त्या खोलीभर लावल्या होत्या. मधमाशीच्या मेणाचा गोड वास, आणि त्याखाली तो ओल्या विटांचा. दूत गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस होता. खुर्चीत रेलून बसला. आम्ही तिघी चित्राखाली उभ्या राहिलो, फ्लोरिया, मी आणि बाईसाहेब.

तेच गाणं. सूर्य उगवत नाही, ओर्तेन्सिया गाते तेव्हाच उजाडतं. पहिलं कडवं इतकं सुंदर झालं की दूताच्या सोबतचा एक म्हातारा डोळे पुसायला लागला. दुसऱ्या कडव्यात नाव येतं. फ्लोरिया आणि मी 'ओर्तेन्सिया' म्हणालो. आणि आमच्या खालून तो काळाभोर आवाज म्हणाला, 'लाविनिया'.

मापात चपखल बसत होतं ते नाव. लय न अडखळता, सूर न हलता. पुन्हा नाव आलं. पुन्हा 'लाविनिया'. दूताने भुवई उचलली. बाईसाहेबांचा चेहरा मेणासारखा झाला होता.

गाणं संपलं. फ्लोरिया थांबली. मी थांबले.

तो आवाज थांबला नाही.

बाईसाहेबांनी तोंड मिटलं. आवाज तसाच. त्यांनी ओठ आत घेतले, दातांखाली दाबले. मग दोन्ही हात तोंडावर धरले, एकावर एक, इतके घट्ट की नखं गालांत रुतली. आणि त्या हातांच्या पलीकडून, जराही न दबता, स्वच्छ, शांत गाणं येत राहिलं. लाविनिया गाते तेव्हाच उजाडतं.

दूत मोठ्याने हसला आणि टाळ्या वाजवायला लागला. "वा, बाईसाहेब! काय युक्ती आहे! कुठे लपवलीय तिला? पडद्यामागे ना?" तो उठला, चित्राशेजारचा जाड पडदा त्याने झटक्यात ओढला. मागे भिंत होती. हसतच तो दुसऱ्या पडद्याकडे गेला. तिथे खिडकी, आणि खिडकीबाहेर नदी. तो तसाच उभा राहिला. मग सावकाश वळून त्याने बाईसाहेबांकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहून गेलं, पुसायला विसरल्यासारखं.

"आपल्याला... निघायला हवं," तो आपल्या माणसांना म्हणाला. "धुकं वाढेल."

त्यांच्यामागून फ्लोरियाही गेली. पेटीसुद्धा पूर्ण भरली नाही तिने. "चल गं," माझा हात ओढत म्हणाली. "चल माझ्याबरोबर. काडी, ऐक माझं."

मी गेले नाही. खोलीत मी आणि बाईसाहेबच उरलो होतो. त्या जमिनीवर बसल्या होत्या, हात अजून तोंडावर, आणि हातांमागे गाणं चाललेलंच होतं. अशा बाईला टाकून कसं जाणार? मी त्यांच्याजवळ बसले. मग, मला कसं सुचलं कुणास ठाऊक, मी हळूच माझा मधला आवाज धरला आणि त्या खालच्या आवाजाबरोबर गायला लागले. लाविनियाचंच नाव घेऊन. शेवटापर्यंत गायले. तेव्हा कुठे तो थांबला.

बाईसाहेबांनी हात खाली घेतले. "गास्पारेला बोलाव," त्या म्हणाल्या.

गास्पारे म्हणजे तो चित्रकार. नदीपलीकडच्या गावात राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो कुरकुरतच. "बाईसाहेब, इतकं चांगलं उतरलेलं काम... असा चेहरा माझ्या हातून पुन्हा होणार नाही." बाईसाहेबांनी नुसतं बोट दाखवलं. त्याने चित्र उतरवून खिडकीशी टेकवलं, बोळ्याला टर्पेंटाइन लावलं आणि कपाळापासून सुरुवात केली. उग्र वासाने माझे डोळे चुरचुरत होते. बाईसाहेब समोर खुर्चीत बसून स्वतःचा चेहरा पुसला जाताना बघत होत्या. आधी भुवया गेल्या. मग नाक. मग उचललेली हनुवटी. मध्ये एकदा त्यांनी आपल्या गालाला हात लावून पाहिला.

खालून एक उन्हाने रापलेला, तरुण चेहरा वर आला. गास्पारे काम करता करता थांबला. बोळा त्याच्या हातातच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी हिचे डोळे खाली झुकलेले काढले होते," तो पुटपुटला. "वहीकडे बघणारे. मला पक्कं आठवतंय."

चित्रातली मुलगी सरळ समोरच्या खुर्चीकडे बघत होती.

बाईसाहेबांनी लांब श्वास सोडला. खोलीत कुठेही गाणं नव्हतं, नुसतं बाहेर नदीचं पाणी भिंतीवर आपटत होतं. माझ्याकडे वळून त्या हसल्या. इतके महिने मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. तो आवाज नाही, आणि त्यांचा स्वतःचा घोगरा, फाटका आवाजही नाही.

त्यानंतर त्या कधी बोलल्या नाहीत. वैद्याने घशात बघितलं, काही दोष नाही म्हणाला. बेत्ता त्यांना मधाचं पाणी पाजायची आणि कोपऱ्यात जाऊन रडायची. बाईसाहेब मात्र रोज सकाळी गाण्याच्या खोलीत यायच्या. चित्रासमोर उभ्या राहून तोंड उघडायच्या, मिटायच्या, उघडायच्या. गाणाऱ्या माणसाची छाती हलते तशी आता त्यांची हलायची. थंडीत वाफ निघायची. नुसती वाफ. मी कोपऱ्यात बसून बघायची, आणि मला कळायचं, ओठांवरून कळायचं, की त्या आमचं ते गाणं म्हणताहेत. खालचा आवाज नव्हे, फ्लोरियाचा वरचा. कधी कधी त्या मध्येच थांबून चित्राकडे बघायच्या, शाळेतल्या मुलीने बाईंकडे बघावं तशा. मग मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. पुन्हा. पुन्हा.

ईस्टरच्या आधी त्या गेल्या. आजार असा काहीच नव्हता. बेत्ताने हनुवटी बांधली, ती शेवटची. मार्केझे मोहिमेवरून आले, दफन उरकलं, आणि गाण्याच्या खोलीला बाहेरून कुलूप घालून किल्ली त्यांनी आपल्या कमरेला लावली. माझं काम संपलं होतं. नाव दुपारी निघणार होती.

पेटी खाली नेताना मी त्या दारावरून गेले. वसंत लागला तरी त्या दिवशी धुकं पुन्हा उतरलं होतं. आधी मला वाटलं, नदीवर कुणी गातंय. मग मी थांबले आणि दाराला कान लावला.

आत तो खालचा काळाभोर आवाज होता. सावकाश, एकेक ओळ म्हणून दाखवत होता. आणि त्याच्यावर एक दुसरा. फाटका, घोगरा, वाळक्या बोरूसारखा. बेसूर. तो ओळ उचलायचा, अडखळायचा, थांबायचा. मग खालचा आवाज तीच ओळ पहिल्यापासून घ्यायचा. दम न घेता, न रागावता, न थकता. आणखी एकदा. घोगऱ्या आवाजात हुंदका होता, पण त्याला थांबू देत नव्हतं कुणी. मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. ऐकता ऐकता तो फाटका आवाज एका जागी अगदी नेमका सुरावर येऊन बसला.

मग त्या दोघींनी मिळून गाणं सुरू केलं. वरचा आणि खालचा. मधला आवाज नव्हता. मधल्या आवाजाच्या जागा त्या रिकाम्या सोडत होत्या. तिथे येऊन दोघी थांबायच्या, जेवढं थांबायचं तेवढंच, आणि मग पुढे जायच्या. कुणीतरी आत येईल म्हणून जागा धरून ठेवतात ना, तशा.

मी पेटी तिथेच टाकली आणि पळत सुटले.

थेट नावेत जाऊन बसले. नावाडी परक्या गावचा, अनोळखी माणूस होता. त्याने काठ सोडला, किल्ला धुक्यात बुडाला. बराच वेळ वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज, दुसरं काही नाही. मग तो पाठमोराच म्हणाला, "बाई, थांबू नका ना. धुक्यात वल्हवताना गाण्याची सोबत वाटते."

मी नुसती त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"आत्ता मध्येच सोडलंत बघा," तो म्हणाला. "काठ सोडल्यापासून इतकं छान म्हणत होतात."

काठ सोडल्यापासून मी शालीचा बोळा दातांत घट्ट धरून बसले होते.